जुना फ्रिज घरी आणलात? प्लग सगळ्यात शेवटी

जुना फ्रिज घरात आला की पहिल्या अर्ध्या तासात काय होतं, ते आता मला पाठ आहे. टेंपोतून उतरवतात, फडक्याने पुसतात आणि कोणीतरी म्हणतं, "लावून तर बघूया, चालतो का." घोळ तिथेच होतो. मीही हेच केलं होतं. गोव्यात फोंड्याकडच्या एका घरातून आणलेला अमेरिकन फ्रिज पडवीत उभा केला आणि सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावला. पाठीमागच्या पाटीवर ११५ व्होल्ट लिहिलं होतं. ती पाटी मी नंतर वाचली. घूंऽऽ असा आवाज, मग जळक्या वार्निशचा वास, आणि इतकी वर्षं शाबूत राहिलेली मोटर काही सेकंदांत गेली.

तेव्हा खालच्या पायऱ्या वाचताना क्रम सोडू नका. सगळं तपासून झाल्यावर प्लग. कित्येक फ्रिजांच्या बाबतीत प्लगची वेळ येणारच नाही, आणि त्यातही काही कमीपणा नाही.

पायरी १: निघण्याआधी

पिशवीत टॉर्च, मोजपट्टी, हातात मावेल असा आरसा (मागच्या बाजूची पाटी वाचायला), फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, रबरी हातमोजे, मास्क, लाल लिटमस कागद आणि दहा रुपयांची एक नोट. या प्रत्येकाचं काम पुढे येईल.

त्याआधी स्वतःच्या घराचं दार मोजा. जुन्या घरांची दारं ऐसपैस असायची, म्हणून फ्रिज तिथून सहज बाहेर येतो आणि पणजीतल्या फ्लॅटच्या दारात अडकतो. जिन्याचं वळणही मोजा. बिजागऱ्या काढून दार वेगळं केलं की चार-पाच इंच वाचतात, पण ते काम विकणाऱ्याच्या अंगणात करायचं, आपल्या जिन्यावर नाही.

जायचं दिवसाउजेडी, आणि शक्यतो नोव्हेंबर ते मे या काळात. पावसाळ्यात सगळ्याच लाकडाला आणि पत्र्याला ओल असते. त्यामुळे कुठली ओल जुनी आणि कुठली कालची, ते कळत नाही.

पायरी २: समोर आहे ते नक्की काय?

विकणारा "अँटिक फ्रिज" म्हणतो तेव्हा चारपैकी एक वस्तू असते. ती ओळखली नाहीत तर पुढची प्रत्येक पायरी चुकेल.

*बर्फाची पेटी.* लाकडी कपाट, जाड भिंती, आतून जस्ताचा किंवा कथलाचा पत्रा. बर्फाचा कप्पा वर असतो, कारण गार हवा खाली उतरते. वितळलेलं पाणी जायला भोक किंवा नळी असते. इथे फसवणूक फार होते, बरेचदा अजाणतेपणी. आपल्याकडच्या जुन्या स्वयंपाकघरांतलं जाळीचं दूधकपाट, मुंग्या चढू नयेत म्हणून ज्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, तेच "आइसबॉक्स" म्हणून विकलं जातं. दोन गोष्टी बघा: भिंतीत जाळी असेल तर ते दूधकपाट, आणि पाण्याचं भोक नसेल तर बर्फाची पेटी नव्हे. दूधकपाटही सुंदर वस्तू आहे, पण त्याचा भाव दूधकपाटाचाच द्यावा.

*रॉकेलवर चालणारा.* कॉम्प्रेसर नाही. तळाशी टाकी आणि बर्नरची जागा, पाठीमागे धुराडं आणि जाड लोखंडी नळ्यांचं जोडलेलं जाळं. वीज न पोचलेल्या गावांत हे फ्रिज चालायचे. एक सूचना: घरातली म्हातारी माणसं "तो पेत्रोलावर चलतालो" म्हणाली तर दचकू नका. पोर्तुगीजांच्या वेळेपासून इथे रॉकेललाच पेत्रोल म्हणत आलेत. मात्र हे न कळून त्या टाकीत आजच्या पंपावरचं पेट्रोल ओतायला निघालेला एक हौशी तरुण मी पाहिलाय. त्याचा हात वेळेवर धरला म्हणून बरं.

*फ्रिऑनच्या आधीचा विजेवरचा.* फ्रिऑन म्हणजे फ्रिज गार करणारा, नंतर आलेला बिनविषारी गॅस. डोक्यावर गोल टोपीसारखा कॉम्प्रेसर असलेला जनरल इलेक्ट्रिकचा 'मॉनिटर टॉप' यातला सर्वांत ओळखीचा. तो १९२७ मध्ये बाजारात आला. पट्ट्यावर चालणारा उघडा कॉम्प्रेसर दिसला तरी याच गटात धरा. यांच्यातला गॅस विषारी असतो, त्याबद्दल पुढच्या पायरीत.

*फ्रिऑनचा.* कॉम्प्रेसर तळाशी, काळ्या बंद डब्यात. १९३०च्या दशकापासून पुढचे बहुतेक फ्रिज, आणि आपल्या देशी कंपन्यांचे जुने फ्रिजही, यातच येतात.

तारखेच्या बाबतीत विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. गोदरेजचा पहिला फ्रिज १९५८चा, तेव्हा "आजोबांनी पन्नास साली घेतलेला गोदरेज" ही आठवण असेल, पुरावा नव्हे. १९६१ पूर्वी गोव्यात माल थेट परदेशातून बंदरावर उतरायचा, म्हणून इथल्या घरात युरोपी किंवा अमेरिकन फ्रिज मिळणं नवलाचं नाही. पण पाटी वाचल्याशिवाय वर्ष बोलू नका.

> तपासा: पाटी कुठे असते? फ्रीझरच्या डब्याखाली, दाराच्या कडेला, किंवा पाठीमागे तळाशी. व्होल्ट, सायकल (म्हणजे आजचे हर्ट्झ), अँपिअर, गॅसचं नाव आणि वजन या पाच गोष्टींचा फोटो काढा. पाटी घासू नका. छापील अक्षरं ओल्या फडक्यानेही जातात.

पायरी ३: वायू

हा भाग सावकाश वाचा, कारण बाकीच्या चुकांनी पैसा जातो आणि इथल्या चुकीने माणूस.

फ्रिऑनच्या आधीच्या विजेवरच्या फ्रिजांत मुख्यतः तीन वायू वापरले जात. सल्फर डायऑक्साइडचा वास पेटवून विझवलेल्या काडीसारखा, घशाला झोंबणारा. तो ओलीशी मिळाला की आम्ल तयार होतं आणि नळ्या आतून खातं. तो स्वतःची जाहिरात करतो, माणूस आपोआप लांब पळतो. मिथाइल फॉर्मेट जनरल इलेक्ट्रिकच्या काही यंत्रांत आढळतो, आणि तो पेट घेतो. तिसरा मिथाइल क्लोराइड, आणि मला भीती याचीच वाटते. विषारी, पेटणारा, आणि वास किंचित गोडसर, जवळजवळ न कळणारा. १९२९ मध्ये शिकागोत याच्या गळतीने माणसं दगावली होती. म्हणून "वास येत नाही, म्हणजे गॅस कधीच उडून गेला" हे वाक्य ऐकलं की विश्वास ठेवू नका.

रॉकेलच्या फ्रिजात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतात. बाल्त्झर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ही रचना केली, पुढे इलेक्ट्रोलक्सने ती जगभर विकली. आतला दाब गाडीच्या टायरच्या कितीतरी पट असतो, आणि यंत्र बंद असलं तरी तो पूर्णपणे जात नाही. बारीक गळतीचा संशय आला तर लाल लिटमस ओला करून नळीच्या सांध्याजवळ धरा. निळा झाला तर अमोनिया बाहेर येतोय.

> सावधान: सांध्यांवर पिवळा थर, पिवळे ओघळ किंवा पिवळी भुकटी दिसली तर हात लावू नका, खरवडू तर अजिबात नका. गंज रोखण्यासाठी रॉकेलच्या फ्रिजाच्या नळ्यांतल्या पाण्यात क्रोमेट घालत. ते कर्करोगकारक आहे. असा फ्रिज घरात आणू नये, कितीही स्वस्त मिळो.

कुठल्याही प्रकारात नळी कापणे, गरम करणे, किंवा "थोडा गॅस सोडून बघणे" हे उद्योग वर्ज्य. भंगारवाला तांब्यासाठी नळी कापून देतो म्हणाला तर त्याला थांबवा. त्याच्या भल्यासाठीही.

पायरी ४: भाव बोलण्याआधी

फ्रिज बंदच आहे असं समजून भाव करा. "चालू आहे" याचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत, कारण आतला दिवा लागतो त्यालाही लोक चालू म्हणतात.

लोहचुंबक फडक्यासकट अंगावर सगळीकडे फिरवा. जिथे सुटतं तिथे गंज खाऊन गेलेला पत्रा पुटीने भरलेला आहे. तळाच्या चार कोपऱ्यांकडे जास्त लक्ष द्या. आपल्या जुन्या घरांत शेणाने सारवलेल्या किंवा लाल सिमेंटच्या जमिनीतून वर्षानुवर्षं ओल चढलेली असते, आणि ती पहिल्यांदा तळाला खाते. बर्फाच्या पेटीत हेच काम वाळवी करते. सांध्यांत पिनेने टोचून बघा.

मग सुटे भाग मोजा. हँडल, नावाचा बिल्ला, फ्रीझरचं छोटं दार, बर्फाचे ट्रे, काचेचे किंवा तारेचे कप्पे, पाय. लोक मोटरची काळजी करतात, पण मोटर नाही तरी चालतं. ओतीव धातूचं हँडल आणि बिल्ला मात्र एकदा गेला की मिळत नाही. ट्रे बहुधा घरातच कुठेतरी असतात. विचारा. डिचोलीतल्या एका मावशींनी माझ्यासमोर ॲल्युमिनियमचा बर्फाचा ट्रे काढला, बटणं-दोऱ्यांनी भरलेला. त्यांना त्याचा उपयोग फ्रिजपेक्षा जास्त होता, तरी दिला.

एक कायद्याची गोष्ट. पुराणवस्तूंच्या १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुराणवस्तूच्या व्याख्येत येऊ शकते. ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. कोरीवकाम असलेली जुनी बर्फाची पेटी लिस्बनच्या किंवा लंडनच्या भाच्याला पाठवायचा बेत असेल तर आधी पुरातत्त्व खात्यात चौकशी करा.

पायरी ५: आधी कडी, मग टेंपो

जुन्या फ्रिजाचं दार खटक्याच्या कडीने बंद होतं आणि आतून उघडत नाही. लपाछपी खेळताना आत शिरलेली मुलं गुदमरून गेल्याच्या घटनांमुळे अमेरिकेत १९५६ मध्ये कायदा झाला, आणि ऑक्टोबर १९५८ नंतरच्या फ्रिजांना आतून उघडणारं दार सक्तीचं झालं. तुमचा त्याआधीचा असेल. तेव्हा विकत घेतल्यावर पहिलं काम: चौकटीवरचा कडीचा खाचा स्क्रू काढून उतरवा, स्क्रूंसकट पाकिटात घाला, त्यावर नाव लिहा. हँडल जागच्या जागी राहतं आणि दार आतून ढकललं की उघडतं.

वाहतूक उभ्यानेच. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं. नाइलाजाने कलता करावा लागला तर घरी पोचल्यावर चोवीस तास उभा ठेवायचा. रॉकेलचा फ्रिज तर उलटा-सुलटा करूच नका. "उलटा करून ठेवला की चालू होतो" हा जुना उपाय नव्या यंत्राला कदाचित मानवेल. इतक्या जुन्या यंत्रात नळ्यांमधला गंज सुटून अडकतो.

चार माणसं लागतातच. दोर पोटाला बांधायचा, मागच्या नळ्यांना नाही. हमाल पकडायला सोपं म्हणून नळ्यांनाच धरतात, म्हणून आधीच पुठ्ठा बांधून त्या झाका.

पायरी ६: पडवीतला आठवडा

घरात लगेच घेऊ नका. आठवडाभर उघड्या पडवीत किंवा बाल्कांवात (दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर), दार सताड उघडं. या दिवसांत गळतीचा वास असेल तर कळतो, झुरळं बाहेर पडतात, आणि भिंतीच्या भरणात उंदरांनी संसार थाटला असेल तर तोही उघडकीला येतो.

सफाई फक्त एकाच गोष्टीने सुरू करा: एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा, आणि मऊ फडकं. आपल्याला तांब्या-पितळेला चिंच, लिंबू नाहीतर सोलं (आमसुलं) लावायची सवय आहे. आतल्या काचेसारख्या चकचकीत एनॅमलला यातलं काहीही लावायचं नाही. आम्लाने त्याची चमक कायमची जाते. तारेची घासणीही नको.

रंग. इथे मी जरा हट्टी आहे. जुना पिवळट पडलेला पांढरा रंग बहुतेक वेळा रंग गेलेला नसतो, त्यावर तेला-धुराचा थर असतो. आधी धुवा, मग गाडीला लावायचं मेण लावून बघा. नव्वद टक्के लोक याआधीच पॉलिश पेपर घेऊन बसतात, आणि मूळ रंग एका दुपारी संपवतात. शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासलं तर ती धूळ श्वासात जाते, आणि अंगणात खेळणाऱ्या पोराच्या हातालाही लागते.

> तपासा: दाराच्या आतल्या कडेवर, बिजागरीच्या पाठीमागे मूळ रंगाचा तुकडा शाबूत असतो. दुरुस्ती करायचीच झाली तर रंग त्यावरून जुळवा, बाहेरच्या पिवळेपणावरून नव्हे.

पायरी ७: रबर आणि भिंतीतलं भरण

दारात दहाची नोट धरून दार बंद करा आणि नोट ओढा. चारी बाजूंनी अडकली पाहिजे. सैल निघाली तर रबर गेलं. मेकॅनिक आजचं चुंबकी गॅस्केट बसवून देतो म्हणेल. कडीच्या दाराला ते बसत नाही. तिथे कडीचा दाब पडला की दबणारं पोकळ रबर लागतं. गाड्यांच्या दाराचं रबर विकणाऱ्या दुकानात जुना तुकडा घेऊन जा, जवळपासचा आकार बरेचदा मिळतो. मात्र हे दाबाचं रबर कडीच्या खाच्याशिवाय काम करत नाही, आणि खाचा परत बसवायचा तर घरात लहान मुलं नसावीत. मुलं असतील तर रबराचा नाद सोडा आणि फ्रिज शोभेचाच ठेवा.

भिंतीत बूच, काचेची लोकर किंवा खनिज लोकर असते. गोव्याच्या हवेत ती ओली होते, आणि ओलं भरण म्हणजे गारवा अडवण्याऐवजी बाहेर नेणारं भरण. चालू फ्रिजाच्या बाहेरच्या पत्र्याला एकाच जागी घाम येत असेल तर तिथे ओल आहे. भरण काढायला आधी दाराच्या चौकटीतल्या पट्ट्या काढाव्या लागतात. त्या ठिसूळ असतात. गरम पाण्यात पिळलेलं फडकं दोन मिनिटं ठेवून मग हळूच उचला. मास्क आणि हातमोजे घालूनच. हीटरभोवती किंवा जुन्या वायरींवर राखाडी-पांढरं, तंतूंचं वेष्टण दिसलं तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते सोलू नका.

पायरी ८: आता विजेचं

कापडाचं वेष्टण असलेली वायर बाहेरून ठीक दिसते आणि आतलं रबर भुकटी झालेलं असतं. मोडून बघू नका, सरळ बदला. जुनी दोन-पिनी वायर काढून तीन-पिनी, आणि अर्थिंग फ्रिजाच्या पत्र्याला पक्कं. घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचं वीजगळती-संरक्षण (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी ते बसवा. आपल्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभा राहणारा माणूस आणि सत्तर वर्षांची मोटर, हे मिश्रण वाईट.

यानंतरचा क्रम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, आणि स्वतः शेजारी उभे राहा:

१. पाटीवरचे व्होल्ट पुन्हा वाचा. ११५ असेल तर उतरता ट्रान्सफॉर्मर लागेल. चालताना अडीच अँपिअर घेणारी मोटर सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट ओढते, म्हणून तीनशेचा नव्हे, दीड हजार व्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्या. पाटीवर ६० सायकल असेल तर आपल्या ५० सायकलवर मोटर एक षष्ठांश हळू फिरते आणि जास्त तापते. ती रोज चालवायची नाही.

२. मेगरने (मोठा रोध मोजणाऱ्या मीटरने) वायंडिंग, म्हणजे मोटरच्या तारांची गुंडाळी, आणि पत्रा यांच्यामधला रोध मोजा. एक मेगओमच्या खाली असेल तर तिथेच थांबा.

३. पहिल्यांदा सिरीज बोर्डावर, म्हणजे वीज मोटरला आधी एका दिव्यामार्गे द्यायची. दिवा पूर्ण तेजाने पेटला म्हणजे आत शॉर्ट आहे.

४. मगच सरळ वीज. क्लँप मीटरचा (वायरीभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या मीटरचा) आकडा पाटीवरच्या अँपिअरशी जुळवा. नुसती घूंघूं करून मोटर सुटत नसेल तर पाच सेकंदांत बंद. "अजून एकदा" म्हणायचं नाही.

५. चालली तर पंधरा मिनिटांनी मागची जाळी कोमट आणि फ्रीझर गार लागतो का बघा. मग चोवीस तास, आत पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर. चार-पाच अंशांवर आला तर तुमचं नशीब थोर.

वीज गेली-आली की लगेच सुरू होऊ देऊ नका. नळ्यांतला दाब समान व्हायला तीन-चार मिनिटं लागतात. उशिराने सुरू होणारा स्टॅबिलायझर लावा, पावसाळ्यात तर हवाच.

फ्रीझरमधला बर्फ सुरीने कधीही खरवडू नका. जुन्या फ्रिजांना पडलेली बहुतेक भोकं स्वयंपाकघरातल्या सुरीची आहेत. बंद करा, गरम पाण्याचं भांडं आत ठेवा, आणि थांबा.

पायरी ९: "गॅस भरून देतो"

चौथ्या, म्हणजे फ्रिऑनच्या प्रकारात मूळ गॅस आर-१२, फ्रिऑनपैकीच एक. ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या माँट्रिअल करारानुसार २०१० पर्यंत त्याचा वापर बंद झाला. मेकॅनिक सहज म्हणतो, "आर-१३४ए (त्याच्या जागी आलेला गॅस) भरूया." मूळ कॉम्प्रेसरमधलं खनिज तेल त्या गॅसबरोबर नीट मिसळत नाही. तेल न बदलता भरलं तर कॉम्प्रेसर काही महिन्यांत घासून बसतो. दुसरा पर्याय ज्वलनशील हायड्रोकार्बनचा. तो तेलाला चालतो, पण जुन्या थर्मोस्टॅटची आणि दिव्याच्या बटणाची ठिणगी आतच पडते. ते भाग बदलल्याशिवाय हा गॅस घरात नको. मूळ गॅस शाबूत असेल तर तोच राहू द्या, "प्रेशर बघण्यासाठी" नळीला व्हॉल्व्हही बसवू देऊ नका.

पहिल्या तीन प्रकारांत गॅस भरण्याचा विषयच काढू नका.

पायरी १०: रॉकेलचा फ्रिज

घरात पेटवू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा धोका खरा आहे. काहींना विजेचा हीटरही असतो. त्यावर चालवून बघायचं तर आधी आठव्या पायरीतलं वायर, अर्थिंग आणि व्होल्टचं काम पूर्ण करा, मग फ्रिज पाणसळ लावून तंतोतंत समतल करा. वाकडा असेल तर आतला प्रवाह अडतो. दुसरी चूक घाईची: अर्ध्या तासात गार झाला नाही म्हणून मेला असं ठरवतात. ही यंत्रं सहा-आठ तास घेतात, कधी रात्रभर.

जून लागण्याआधी

सुकं मेण बाहेरच्या पत्र्यावर, खाली लाकडाचे ठोकळे, भिंतीपासून वीतभर अंतर. आत कोळशाची वाटी ठेवा, दारात लाकडाची पाचर अडकवा, म्हणजे हवा खेळती राहील. बर्फाच्या पेटीचं पाण्याचं भोक उघडं ठेवा. आणि पाटीचे फोटो, कुठल्या घरातून आला, कोण वापरायचं, कुठला स्क्रू कुठे ठेवला, हे सगळं एका वहीत लिहून ती वही फ्रिजाच्या वरच्या कप्प्यात ठेवा.